हात बरे झाले, पण पायांचं काय?

पत्र

मॅडम, नमस्कार. मी अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते, वय 54. आठ वर्षांपासून संधिवात आहे, डॉक्टर त्याला रुमेटॉइड म्हणतात. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घेते, सोबत स्टिरॉइडची लहान गोळी आहे. हातांची सूज उतरली, भाकरी थापता येते, डॉक्टर म्हणतात छान चाललंय. पण पाय काही ऐकत नाहीत. सकाळी पाय खाली टेकवला की ‘पायले खडा टोचतस’ असं होतं. अंगठा शेजारच्या बोटांवर चढायला लागलाय, बाकीची बोटं वाकडी होऊन वर उचलली आहेत. तळव्याला दोन जाड घट्टे आहेत. आमचे हे ते दर पंधरा दिवसांनी ब्लेडने कापून देतात. मागच्या वेळी जरा खोल गेलं, तिथे अजून ओलसर आहे. जाऊबाई म्हणतात बिब्बा लाव. सून म्हणते घरातही चप्पल घाला, पण देवघर असलेल्या घरात चप्पल कशी घालायची? आणि चैत्रात सप्तशृंगीच्या गडावर अनवाणी चालत जायचा नवस बोलले आहे. हे सगळं वयामुळे होतंय का? काय करू?

उत्तर

ताई,

बाकीचं सगळं नंतर. आधी ती ओलसर जागा. हे उत्तर तुमच्या हाती पडेपर्यंत ती पूर्ण सुकून वर नवी कातडी आली असेल तर उत्तमच. नसेल, तर आजच तालुक्याच्या डॉक्टरांकडे जा. उद्या बाजार आहे, परवा पाहुणे आहेत, असं करू नका. तुमच्या सांध्यांना आराम देणारी औषधं शरीराची प्रतिकारशक्ती थोडी दाबून ठेवतात, त्यातूनच तो आराम मिळतो. पण त्यामुळे जखम भरायला वेळ लागतो, आणि स्टिरॉइडमुळे लाली, ताप, ठणका या नेहमीच्या खुणाही फिक्या पडतात. वरून जागा नुसती ओली दिसते आणि घट्ट्याच्या जाड कातडीखाली पू साठलेला असू शकतो. तळव्याच्या त्या भागात हाड अगदी जवळ असतं.

डॉक्टरांना तीन गोष्टी स्पष्ट सांगा: ब्लेड लागलंय, मेथोट्रेक्सेट चालू आहे, स्टिरॉइड चालू आहे. ते जखम साफ करतील, धनुर्वाताचं इंजेक्शन लागतं का ते पाहतील, साखर तपासतील, कारण स्टिरॉइडने साखर वाढते आणि कित्येकांना त्याचा पत्ताही नसतो. जखमेत जंतुसंसर्ग झाला असेल तर या आठवड्याची मेथोट्रेक्सेट घ्यायची की थांबवायची, हे तेच ठरवतील. तो निर्णय घरी घेऊ नका. स्टिरॉइडची गोळी तर स्वतःच्या मनाने एकदम कधीच बंद करायची नाही. बरेच दिवस ती पोटात जात असली की शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवणं कमी करतं. अचानक गोळी तोडली तर जिवावर बेतू शकतं.

दवाखान्यात पोचेपर्यंत स्वच्छ पाण्याने जागा धुवा, कोरड्या स्वच्छ गॉजने झाका, बस. हळद नको, टूथपेस्ट नको, आणि बिब्बा तर मुळीच नको. जाऊबाईंचा हेतू चांगलाच आहे. आपल्याकडे काटा रुतला, भेग पडली की बिब्बा चटकावायची पद्धत जुनीच आहे. पण बिब्ब्याच्या तेलाने चांगली कातडीसुद्धा भाजते, मोठमोठे फोड येतात. उघड्या जखमेवर ते घालणं म्हणजे लहान जखम मोठी करणं. औषध दुकानात मिळणाऱ्या ‘कॉर्न कॅप’च्या पट्ट्याही तुमच्यासाठी नाहीत. त्यात सॅलिसिलिक ॲसिड असतं, ते कुरूप आणि आजूबाजूची पातळ कातडी यात फरक करत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. नाही ताई, हे वयामुळे नाही. हा तुमचा संधिवातच आहे, तोच जो हातात होता. रुमेटॉइडमध्ये पाय सुटलेला माणूस विरळा. अनेकांना तर पहिली सूज पायाच्या बोटांच्या मुळाशी येते. तिथे दोन्ही पायांत पाच-पाच सांधे आहेत. ते सुजून सुजून सैल पडले की बोटं वर उचलली जातात आणि अंगठा कलतो. तळव्याच्या पुढच्या भागात चरबीची जी मऊ गादी असते ती बोटांसोबत पुढे सरकते. हाडांची टोकं उघडी पडतात आणि तुम्ही थेट त्यांच्यावर चालता. तुम्ही लिहिलेले खडे ते हेच. तुमचं वर्णन इतकं अचूक आहे की ते जसंच्या तसं डॉक्टरांना ऐकवा, अहिराणीतच ऐकवा.

मग डॉक्टर ‘छान’ का म्हणाले? ते खोटं बोलले नाहीत. संधिवाताचा जोर मोजायची जी पद्धत सगळीकडे चालते, तिच्यात दोन्ही खांदे, कोपरं, मनगटं, हातांच्या बोटांचे सांधे आणि गुडघे असे मिळून 28 सांधे दाबून पाहतात. त्यात घोटा नाही, पाऊल नाही, पायाचं एक बोटसुद्धा नाही. त्यामुळे हात निवळलेले आणि पायात आग चालूच, असं होऊ शकतं आणि कागदावर मात्र आकडा छान येतो. त्यात आपल्या बायकांची सवय: डॉक्टरांसमोर पाय पुढे करायचा नाही. भेगा आहेत, माती आहे, चारचौघांत बरं दिसत नाही. मी फिजिओथेरपीचं काम करते, आणि मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं. वर्षानुवर्षं नेमाने गोळ्या घेणारी बाई समोर बसते, तिची फाइल चार बोटं जाड असते आणि तिचे पाय कुणीच पाहिलेले नसतात.

म्हणून पुढच्या तपासणीला खुर्चीत बसण्याआधीच चपला काढा. ‘डॉक्टर, आज पाय बघा’ हे पहिलं वाक्य असू द्या. त्याआधी घरी पावलाचा पुढचा भाग दोन्ही बाजूंनी हाताने धरून हलकेच दाबून पाहा. कळ आली तर ते सांगा. सकाळी उठल्यावर पाय किती वेळ आखडलेले राहतात तेही सांगा. पाच-दहा मिनिटं वेगळी आणि तास-दीड तास वेगळा. दाह चालू असला तर औषधाची मात्रा वाढवायची का, दुसरं औषध जोडायचं का, हे ठरवता येतं. सांधा झिजून वाकडा झाला की गोळीने तो सरळ होत नाही, म्हणून वेळ महत्त्वाची आहे. एक्स-रे हातांचा काढतात तसा पायांचाही काढायला सांगा, उभं राहून.

भाऊंच्या ब्लेडबद्दल. ते प्रेमानेच करतात, हे पत्रातून कळतं, आणि कापल्यावर दोन-चार दिवस तुम्हाला हलकं वाटत असेल यातही शंका नाही. पण घट्टा हा रोग नाही. हाडाचा दाब पडतो तिथे कातडी स्वतःला वाचवायला जाड होते. दाब तसाच ठेवून कितीही कापलं तरी पंधरा दिवसांत ती पुन्हा जाड होणार, तेच होतंय. तेव्हा ब्लेड बंद. घट्टा फारच वर आला तर तो तासून घेणं हे शिकलेल्या हातांचं आणि निर्जंतुक हत्यारांचं काम आहे. घरी, जखम पूर्ण भरल्यावर, आंघोळीनंतर मऊ झालेल्या कातडीवर वज्री हलकी फिरवली तर चालेल. रक्त दिसेपर्यंत घासायचं नाही. भाऊंना दुसरं काम देऊ या: रोज रात्री तुमचे तळवे बघायचं. वाकून तळवा बघणं तुमच्या गुडघ्यांना आणि कमरेला जमणार नाही. बोटांच्या बेचक्या, टाचा, घट्ट्यांच्या कडा त्यांनी उजेडात पाहाव्यात आणि महिन्यातून एकदा मोबाइलवर दोन्ही तळव्यांचे फोटो काढून ठेवावेत. डॉक्टरांना ते फोटो फार उपयोगी पडतात.

दाब कमी करायचा तो चपलेने. हे मला सविस्तर सांगायचंय, कारण औषधावर खर्च करणारी माणसंही चपलेवर करत नाहीत. आधी घरातली रोजची चप्पल उलटी करून बघा. कुठे जास्त झिजली आहे, आतल्या कडेला की पुढे? मग जमिनीवर जुनं वर्तमानपत्र पसरा, त्यावर दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभ्या राहा आणि सुनेला पेन्सिल सरळ उभी धरून पायाभोवती रेघ ओढायला सांगा. आता त्या आकृतीवर चप्पल ठेवा. अंगठ्याच्या हाडाचा फुगवटा आणि करंगळी चपलेच्या बाहेर जात असतील, तर तुम्ही दिवसभर पाय चिमट्यात धरून चालताय. नवीन घ्यायला जाल तेव्हा हाच कागद कापून सोबत न्या. आणि जायचं ते संध्याकाळी, कारण तोवर पाय सुजलेले असतात. सकाळी बसलेली चप्पल संध्याकाळी चावते.

अंगठ्याची चप्पल तुम्ही सोडाच. ती पायात टिकवायला बोटं सतत आकडी घालून धरावी लागतात, आणि तुमची बोटं आधीच वाकडी होताहेत. पुढे रुंद आणि उंच जागा असलेली, मागे पट्टा असलेली सँडल घ्या. बकल नको, वेल्क्रोचा पट्टा हवा, तो दुखऱ्या बोटांनीही ओढता येतो. टाच इंचभराच्या आत. वरून मऊ, आतून शिवण टोचणारी नको. तळ मात्र पिळून दुमडणारा नसावा. पुढचा भाग जितका कमी वाकेल तितके ते सुजलेले सांधे कमी हलतात. आत बसवायला एमसीआर नावाचं बारीक छिद्रांचं मऊ रबर मिळतं. कुष्ठरोगात आणि मधुमेहात सुन्न झालेल्या पायांसाठी ते आपल्याकडे फार वर्षांपासून वापरतात. त्यावर तळव्याचा दाब वाटून देणारा एक लहान उंचवटा बसवता येतो, त्याला मेटाटार्सल पॅड म्हणतात. इथे एक चूक हटकून होते: दुखतं तिथेच, हाडाच्या टोकाखालीच, पॅड चिकटवतात आणि मग दुखणं दुप्पट होतं. तो बसतो टोकांच्या जरा मागे, टाचेच्या बाजूला, म्हणजे भार आधीच उचलला जातो. म्हणून पहिल्यांदा तो जाणकाराकडून बसवून घ्या. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या अस्थिरोग विभागात पाय दाखवा आणि पायाला साजेशी पादत्राणं कुठे बनवून मिळतील ते विचारून घ्या. नवीन चप्पल पहिले काही दिवस तास-दोन तासच घाला आणि काढल्यावर लाल डाग पडलाय का ते पाहा.

आणि हो, घरातही घालायची. सूनबाईंचं बरोबर आहे. तुमचा सगळ्यात जास्त वेळ घरातच जातो, फरशीवर, ओट्यापाशी. आखाजीला पुरणाच्या मांड्यांसाठी, कानबाईच्या रोटांसाठी तासन् तास उभं राहणं होतं, ते सगळं अनवाणी. देवघराचा मान मला कळतो, तो राखूनच करू या. घरात घालायचा जोड वेगळा ठेवा, तो उंबऱ्याबाहेर कधीच न्यायचा नाही, आठवड्याला धुवायचा. देवघरापुढे तो काढा आणि तिथे जाड मऊ चटई अंथरा. पूजा चौरंगापुढे मांडी घालून होत नसेल तर स्टुलावर बसून करा. सोवळ्याच्या स्वयंपाकाला ओट्यापुढेही तशीच चटई टाका आणि जमेल तेवढं काम बसून करा. सणाच्या दिवशी सुनेने उभं राहायचं काम घ्यावं आणि तुम्ही बसून सारण भरावं, यात कमीपणा कसला?

तुम्ही लिहिलं नाही, पण मी विचारते: जोडवी निघतात का? बोटं सुजत गेली की जोडवी रुततात, खाली कातडी पांढरी पडते, ओल साठते, चीर पडते. सुजेमुळे ती अडकली असतील तर साबण लावून ओढाताण करू नका, सोनाराकडून कापून घ्या. सौभाग्यलेणं पायातून काढायचं म्हटलं की मनाला लागतं, हे मी कितीतरी बायकांच्या चेहऱ्यावर पाहिलंय. सूज उतरली की उघड्या तोंडाची, सैल होणारी जोडवी सणावारी घालता येतील. रोज मात्र नको.

रोजची देखभाल फार मोठी नाही. कोमट पाण्याने पाय धुवा, पाणी आधी कोपराने तपासा. तासभर भिजवत बसू नका. मऊ जुन्या सुती कापडाने टिपा, बोटांच्या बेचक्या नीट कोरड्या करा. आपल्या उन्हाळ्यात टाचा फाटतात, त्यांना रात्री पेट्रोलियम जेली किंवा युरियाचं क्रीम लावून सुती मोजे घाला. बेचक्यांत मात्र तेल-क्रीम काही नको. पावसाळ्यात चिखल्या झाल्या तर ‘होतातच’ म्हणून सोडू नका, त्या चिरेतूनच जंतू आत शिरतात. बुरशीचं मलम डॉक्टरांकडून घ्या. नखं आंघोळीनंतर, सरळ रेषेत, फार खोल नाही. कपाशीत जाताना बंद, जाड तळाचे बूट घाला, घालण्याआधी झटकून. बाभळीचा काटा साध्या चपलेतून आरपार जातो. विटेचा किंवा तव्याचा शेक घेऊ नका. संधिवातात कधी कधी पायाच्या नसा बधिर होतात, चटका बसलेला कळत नाही.

आणखी एक पाहा. सुनेला तुमच्या मागे उभी करून घोट्यांकडे बघायला सांगा. टाच बाहेरच्या बाजूला कलली असेल, आतल्या घोट्याखाली सूज असेल, पावलाची कमान बसत चालली असेल, तर पायाची कमान उचलून धरणारा स्नायुबंध दुखावतोय. सुरुवातीला आधाराच्या पट्ट्याने आणि व्यायामाने तो सांभाळता येतो, उशीर झाला की पाऊल तसंच बसतं. सकाळी पलंगावरच घोटे गोल फिरवा, बोटं पसरा, पाय लांब करून पोटऱ्या ताणा, मगच खाली उतरा. आणि एवढं सगळं करूनही दुखणं हटलं नाही, तर वाकडी बोटं आणि अंगठा सरळ करायची शस्त्रक्रिया असते. ती शेवटची पायरी आहे, पण घाबरायची गोष्ट नाही.

इतर वाचकांसाठी थोडक्यात, कारण वाताचे प्रकार अनेक आहेत. रात्रीतून अंगठ्याचा सांधा लालभडक होऊन चादरीचा स्पर्शही सोसवत नसेल तर ते बहुधा युरिक ॲसिडचं, गाऊटचं दुखणं. त्याचं औषध वेगळं. एखादं बोट सबंध सुजून जाड झालं आणि नखांवर बारीक खड्डे आले तर सोरायसिसचा संधिवात असू शकतो. तरुण मुलाची टाच सकाळी दुखते, कंबर आखडते आणि चालल्यावर मोकळी होते, तर टाचेचं हाड वाढलं म्हणून सोडून देऊ नका, मणक्याच्या संधिवाताची तपासणी करा. थंडीत बोटं पांढरी, मग निळी, मग लाल होत असतील तर रक्तवाहिन्या आवळताहेत. आपल्या धुळ्याकडे पारा दहाच्या खाली जातो तेव्हा अशा लोकांनी लोकरी मोजे घालावेत आणि विडी-सिगारेट, तंबाखू पूर्ण सोडावी. बोटाचं टोक काळं पडलं, नखांच्या कडेला बारीक काळे ठिपके आले, पाऊल अचानक लोंबायला लागलं, किंवा पायावर लाली वर वर चढत ताप आला, तर कोणताही वात असो, त्याच दिवशी दवाखाना.

आता गड. ताई, अनवाणी जाऊ नका. मी हे घुटमळत सांगत नाही. अमळनेरहून गड दीडशे किलोमीटरच्या पुढे आहे. चैत्रात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो आणि डांबर त्याहून कितीतरी जास्त तापतं. पातळ कातडी, उघडी पडलेली हाडं, दाबलेली प्रतिकारशक्ती आणि ताजी जखम, एवढं घेऊन त्या रस्त्यावर पाय ठेवला तर तळव्याला फोड येतील आणि त्यातला एखादा बोट घेऊन जाईल. वेदनाशामक गोळ्या खाऊन चालण्याचा विचारही करू नका. दुखणं दबतं आणि इजा होतच राहते, शिवाय मेथोट्रेक्सेटसोबत त्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता घेणं मूत्रपिंडाला जड जातं. नवस तुम्ही बोललात तो आईपुढे. लेकीचा पाय जावा असं कोणती आई मागेल? घरच्या वडीलधाऱ्यांशी, गुरुजींशी बोला. नवस बदलून फेडायची रीत आपल्यात आहेच.

चालणं मात्र बंद करू नका, संधिवातात चालणं चांगलंच. जखम पूर्ण भरली आणि डॉक्टरांनी होकार दिला, तर गावच्या पदयात्रेसोबत वेशीपर्यंत सँडल घालून जा, पुढे गाडीने गडाच्या पायथ्याच्या नांदुरीला आणि तिथून घाटाने वर गडावर पोचा. गडावर पाचशेच्या आसपास पायऱ्या आहेत, पण 2018 पासून रुळांवरून वर ओढली जाणारी फ्युनिक्युलर ट्रॉलीही आहे. तिनेच वर जा, पायऱ्या चढण्याचा हट्ट नको. जिथे चप्पल काढावीच लागते तिथे जाड, स्वच्छ सुती मोजे घाला, ऊन चढलं की दगड पोळायला लागतो म्हणून दर्शन पहाटे गाठा. पिशवीत मोज्यांचे दोन जोड, गॉज, चिकटपट्टी आणि तुमच्या औषधांची चिठ्ठी ठेवा. मुक्कामाला टेकलात की आधी भाऊंना तळवे दाखवा, मग जेवायला बसा.